घंगाळातलं मेक्सिको

पुसेगाव, ता. सेनगाव
१२ नोव्हेंबर २०२४

चि. प्रमोद यास,
पद्माआत्याचा जयभीम आणि उरलेसुरले आशीर्वाद.

काल तू फोनवर जे बोललास ते मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, कारण पहिल्यांदा विश्वासच बसेना. आपलं तांब्याचं घंगाळ तुला पाहिजे. त्यात तुला डुकराचं मटण शिजवायचंय. ते खायला पुण्याची एक मुलगी येणार आहे. इथपर्यंत ठीक. पण पुढे तू विचारलंस, "आत्या, तिकडे पोर्क कुठे मिळतं का हो?" आणि मी तोंड उघडायच्या आत "नंतर करतो" म्हणून फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. फोन ठेवता येतो. पत्र मात्र माणूस शेवटपर्यंत वाचतो, त्यात शिव्या असल्या तर जास्तच.

पोर्क कुठे मिळतं का हो! अरे, तुझी आई गेली तेव्हा तू अंगणवाडीतसुद्धा नव्हतास. तुझा बाप, माझा सख्खा भाऊ अमृतराव, दुसरं लग्न करून परभणीला गेला तो गेलाच. तेव्हापासून बारावी होईपर्यंत कळमनुरीला बाजाराच्या मागे तू कोणाच्या गाड्याशेजारी पोतं टाकून अभ्यास केलास? त्या गाड्यावर काय शिजत होतं, बासुंदी? आमच्या गाड्याला मटण देणारा प्रेमदास तुला खांद्यावर बसवून बाजार फिरवायचा. तो अजून तिथेच बसतो, त्याच चिंचेखाली. त्याला जाऊन विचार, "पोर्क मिळतं का हो?" हातातला सुरा टाकून तुझी नाडी बघेल.

आणि हे "हो" कुठून आणलंस? आजपर्यंत मी "आत्या, तू" होते. पुण्यात चार वर्षं झाली नाहीत तोवर "तुम्ही" झाले. मान दिल्यासारखं नाही वाटत बाबा, दार लावून घेतल्यासारखं वाटतं.

घंगाळाचं म्हणशील तर त्यात आपल्या घराण्यातल्या सगळ्या नवरानवरींची हळद उतरली आहे. तुझे आजोबा भिवाजी यांची शेवटची आंघोळ त्याच घंगाळातल्या पाण्यानं झाली. त्यात आता तू डुक्कर बुडवणार. बुडव. पण आधी कारण कळव, आणि पत्रानं कळव. फोन आला तर मी उचलणार नाही.

तुझी आत्या
पद्मा

---

बाणेर, पुणे
२० नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. आधी एक गैरसमज दूर करतो. मला करायचं आहे ते आपल्याकडचं तसलं मटण नाही. त्याला कार्नितास म्हणतात. मेक्सिकोतला जुना, पारंपरिक प्रकार आहे. डुकराचं मांस त्याच्याच चरबीत, अगदी मंद आचेवर, तासन् तास शिजवायचं. त्यात संत्र्याचा रस, थोडं दूध, थोडा कोला, लसूण, तमालपत्र. मऊ झालं की आच वाढवायची, म्हणजे कडा खरपूस होतात. मग मक्याच्या पातळ भाकरीत घालून वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. तिकडे ते तांब्याच्या मोठ्या कढईत करतात. तिचा फोटो पाहिला तर हुबेहूब आपलं घंगाळ! मी इथे ओव्हनमध्ये करून पाहिलं, पण जमत नाही. त्याला चूल आणि धूरच पाहिजे.

जान्हवी कंपनीच्या कामासाठी मेक्सिकोत राहून आली आहे. तिचा हा सगळ्यात आवडता पदार्थ. आम्ही लग्न करायचं म्हणतोय आत्या. तिला तुम्हाला भेटायचं आहे, गाव बघायचं आहे, आणि मला तिला हे करून खाऊ घालायचं आहे.

आता अवघड भाग. आमची ओळख नवी होती तेव्हा तिनं विचारलं, "तुला पोर्क चालतं?" मी म्हणालो, चालतं, पण आमच्या घरी कधी कुणी खाल्लेलं नाही. का म्हणालो माहीत नाही. मग तिनं घरी कोण कोण आहे विचारलं. तेव्हा तुम्ही निवृत्त शिक्षिका झालात. विपश्यना करता. पूर्ण शाकाहारी आहात. एकदा सांगितलं म्हणून पुढे सांगत गेलो.

दोनच दिवसांचा प्रश्न आहे. तुम्ही फक्त लांबून बघायचं. वासाचा त्रास होतो म्हटलं की कुणी आग्रह करणार नाही. गाड्याचा विषय काढायचा नाही. एवढं माझ्यासाठी कराल ना?

तुमचा
प्रमोद

---

पुसेगाव
२७ नोव्हेंबर २०२४

चि. प्रमोद यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन ओमप्रकाश म्हणाला, "पद्माबाई, पुण्याहून पाकीट हाय. कोर्टाचं तर न्हाई ना?" मी म्हटलं, कोर्टाचंच समज, मला शिक्षा झाली आहे.

दूध! डुकराच्या मटणात दूध! आणि वरून काळं थंड पेय. असला प्रकार तर आपल्याकडे पोटुशी बाईचे डोहाळेही मागत नाहीत. आणि "त्याच्याच चरबीत, मंद आचेवर, कडा खरपूस" हे मला तू समजावून सांगतोस? मीठ, हळद, लसूण आणि लाल मिरची. बाकी सगळं चरबी करते आणि बाभळीचं लाकूड करतं. ते आपलं "तसलं मटण". तेच विमानात बसून आलं की पदार्थ. नाव मेक्सिकोचं लावलं की डुक्कर दाढी करून येतं वाटतं.

असो. मला कशाला बोलायचं? मी तर शाकाहारी. विपश्यनेला इगतपुरीला किती वेळा जाऊन आले ते कळवून ठेव, म्हणजे चुकायला नको. कोणता विषय शिकवत होते तेही सांग. गणित नको म्हणावं, हिशेब फार लवकर कळतात मला.

तुला वाटलं असेल आत्या नाही म्हणेल. नाही म्हणत. तुझ्यासाठी मी आई झाले, बाप झाले, आजारपणात दाई झाले. आता तुझ्यासाठी शाकाहारीही होते. घंगाळ चिंच लावून घासून ठेवते. त्यात काय शिजवावं आणि काय नाही, हे मात्र शाकाहारी बाईला कसं ठाऊक असणार?

या दोघं.

तुझी इगतपुरीची
आत्या

---

बाणेर, पुणे
२४ डिसेंबर २०२४

ती. आत्यास जयभीम.

काल पोचलो. 

मी रागावलेलो आहे आणि ते लिहून टाकतो. तुम्हाला सगळं माहीत होतं. घंगाळात काय होणार ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी तुम्ही माळेतले मणी ओढत ओट्यावर बसून राहिलात. ती माळ तरी कुठून आणली होती? आणि शेवटी, मी जान्हवीच्या ताटात वाढणार तेवढ्यात उठून सगळं घंगाळ उकिरड्यावर पालथं केलंत. मुलीसमोर! मला ते सावरायला किती खोटं बोलावं लागलं, तुम्हीच ऐकलं.

मी तुमच्याकडे मागितलं तरी काय होतं? फक्त गप्प बसायचं होतं.

प्रमोद

---

पुसेगाव
२ जानेवारी २०२५

चि. प्रमोद यास,

आशीर्वाद शिल्लक असतील तर शोधून पाठवते.

गप्पच बसले होते मी. तूच सांगितलं होतंस लांबून बघ म्हणून. ओट्यावर बसून बघितलं. तू मटणाच्या फोडी केल्यास, संत्री पिळलीस, आणि तो सगळा आंबट रस घालून मटण रात्रभर त्याच घंगाळात मुरत ठेवलंस. तांब्याच्या भांड्यात! ज्या भांड्याला जन्मात कल्हई लागली नाही, कारण ते आंघोळीचं पाणी तापवायचं भांडं आहे, त्यात! कल्हई नसलेल्या तांब्यात आंबट ठेवलं की कळकतं. हे आपल्याकडे ताक ढवळणाऱ्या पोरीलासुद्धा कळतं. तुझ्या मेक्सिकोवाल्यांचं काय असेल ते असो. ते चरबीत तळत असतील, तू रसात भिजत घातलंस. फोटो बघून स्वयंपाक केला की असं होतं. फोटोला ना चव असते ना वास.

वर चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या कोंबल्यास. भडका उडाला की "फ्लेम" म्हणून खूश होत होतास. मंद आच म्हणे!

आणि मग न्हाणीच्या मागे येऊन मला काय म्हणालास ते आठवतं? पुण्याची भाषा कुठल्या कुठे पळाली. "आत्या, कडेला हिरवं काहून दिसून राहिलं गं? कसा वास येऊन राहिला? सांग ना!"

मी काय म्हटलं? "मला काय म्हाईत बाबा, मी इगतपुरीची."

खोटं कशाला बोलू, चार वर्षांत इतकं समाधान मला झालं नव्हतं. तेव्हा तू कबूल झाला असतास, तिथेच, "आत्या, चुकलं, तू ये आणि कर" म्हटलं असतंस, तर माळ फेकून चुलीपाशी बसले असते. गाड्यावरची कढई न्हाणीच्या भिंतीवर टांगलेलीच होती. पण तू तोंड पुसलंस आणि परत पुणेकर होऊन बाहेर गेलास. मला वाटलं, हिरवं बघून तू स्वतःच टाकशील. टाकलं नाहीस. वरवरचं हिरवं काढून तिच्या ताटाकडे पळी नेलीस. परक्याचं लेकरू माझ्या दारात विष खाऊन गेलं असतं म्हणजे? म्हणून पालथं केलं. तिच्याऐवजी तू एकटाच खाणार असतास तर विचार केला असता.

आणि सावरलंस काय, तर "जान्हवी, सॉरी, आत्याला मांसाचा वास सहन होत नाही." मला! वीस वर्षं गाडा बंद केल्यावर मटणाचा वास जावा म्हणून ज्या हाताला साबण लावून झोपत होते, त्या हाताच्या बाईला!

माळ शेजारच्या वसरामची होती. तो वारंवार परत मागतोय.

आत्या

---

पुणे
९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
नमस्कार.

प्रमोदला न सांगता लिहिते आहे. तुमचा पत्ता मी त्या दिवशी घराच्या वीजबिलावरून उतरून घेतला. फोन केला असता, पण तुम्ही पत्रंच लिहिता हे एव्हाना कळलं आहे.

मला पहिल्यापासून माहीत होतं. नांदेडहून येताना कळमनुरीला आम्ही मटण घ्यायला थांबलो. प्रमोद नाकाला रुमाल लावून गाडीपाशीच उभा राहिला, त्यामुळे मी एकटीच पुढे गेले. चिंचेखालच्या काकांनी विचारलं, "कुणाकडं आलाव, बाई?" मी म्हटलं, पुसेगावला पद्माबाईंकडे. त्यांनी तोललेलं मटण परत काढून ठेवलं आणि दुसरं कापलं. म्हणाले, "मंग हे घेऊन जा, चरबीसकट. तिला दुसरं चालत न्हाई. अख्खा बाजार थांबायचा पद्माबाईच्या कढईसाठी. तिचं ते पोरगं शिकून साहेब झालं म्हणत्यात, तेच का हे रुमालवालं?"

म्हणजे मी तुमच्या अंगणात पाय ठेवला तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. मग तुम्ही माळ ओढत बसलात, आणि प्रमोद तुम्हाला डुकराचे कोणते भाग कशासाठी चांगले हे समजावून सांगत होता, आणि तुम्ही "अगंबाई, असं असतं का?" म्हणत होतात. हसू आवरायला मी विहिरीपर्यंत जाऊन आले. तुम्ही इतक्या ऐटीत शाकाहारी होतात की मला ते मोडवेना.

पण नंतर हसू आलं नाही. घंगाळ पालथं झालं, तो म्हणाला आत्याला वास सहन होत नाही, आणि तुम्ही मान खाली घातलीत. तेव्हा मला फार लाज वाटली. त्याची, आणि माझीही.

मी त्याला विचारणार नाही. त्यानंच सांगावं. तुम्हीही सांगू नका की मला कळलं आहे. त्यानं आपणहून सांगितलं तरच पुढचं सगळं, नाही तर नाही, असं मी ठरवलं आहे. आणि जमलं तर तुमची कृती मला कळवाल का? असं अस्सल काही आता कुठे मिळत नाही.

तुमची
जान्हवी

---

पुसेगाव
१७ जानेवारी २०२५

जान्हवीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. प्रेमदासचं तोंड पहिल्यापासून सैल आहे, यावेळी उपयोगी पडलं.

दोन गोष्टी सांगते, राग मानू नकोस, आणि मानलास तरी माझं काही जात नाही. पहिली, मला "अस्सल" म्हणू नकोस. आमचं खाणं गाड्यावर होतं तेव्हा लोक नाक धरून पलीकडून जायचे, आणि अंधार पडला की त्यांचीच माणसं डबा घेऊन मागच्या बाजूनं यायची. तेव्हा ते अस्सल नव्हतं, घाण होतं. आता तुम्हाला ते अस्सल वाटायला लागलं. आम्ही मधल्या काळात काही बदललो नाही गं, मसालासुद्धा तोच आहे.

दुसरी, तू परीक्षा घेणार म्हणतेस. घे. पण त्याला नापास करायची तुला फार घाई नको. ते पोरगं लबाड नाही, भित्रं आहे. भित्र्या माणसाचा मला लबाडापेक्षा जास्त तिटकारा आहे, पण हे मीच वाढवलेलं आहे.

कृती पत्रातून देत नाही. चुलीपाशी येऊन बसलीस तर दिसेल.

तुझं गुपित माझ्याकडे राहील. अजून किती दिवस, ते त्याच्यावर आहे.

पद्माआत्या

---

बाणेर, पुणे
५ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास जयभीम.

बरेच दिवस लिहिलं नाही. तुमचं पत्र मी फाडलं होतं. मग जोडून परत वाचलं.

जान्हवीच्या आई, अपर्णाताई, येत्या सोळा तारखेला जेवायला येणार आहेत. त्या मागच्या वर्षी मुलीकडे मेक्सिकोला जाऊन आल्या, त्यांनाही कार्नितास आवडतं. घरी त्यांचं सोवळं-ओवळं कडक आहे, पण बाहेरचं वेगळं, म्हणतात. लग्नाची तारीख त्या दिवशी ठरेल. घरचं मोठं माणूस म्हणून तुम्ही यायलाच हवं. मी लोखंडी भांड्यात करणार आहे, घाबरू नका. तुमच्यासाठी वरण-भात वेगळा. जान्हवीला काही कळलेलं नाही, त्यामुळे ठरलंय तसंच पुढे चालू ठेवू. हे शेवटचं.

तुम्ही म्हणाल, भित्रा. म्हणा. तुम्हाला तोंड आहे, आत्या. मला नव्हतं. पाचवीत माझ्या डब्याचा वास येतो म्हणून शेजारच्या मुकुलनं बाक बदलून मागितला. सरांनी मुकुलला नाही हलवलं, मला हलवलं. "तू व्हरांड्यात बसून खात जा" म्हणाले. वर्षभर मी व्हरांड्यात जेवलो. नळावर माती घेऊन डबा घासायचो आणि हुंगून बघायचो, वास गेला का. मग तुमच्या हातात द्यायचो. तुम्ही म्हणायचात, पोरगं किती स्वच्छ आहे.

तुमच्या गाड्यानं मला शिकवलं हे मी विसरलो नाही. पण तो वासही विसरलो नाही. या दोन्हींचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नाही.

प्रमोद

---

पुसेगाव
११ फेब्रुवारी २०२५

प्रमोद,

पत्र वाचलं त्या दिवशी जेवले नाही. हे सांगायला तुला इतकी वर्षं लागली? मला तेव्हा सांगितलं असतंस तर त्या मास्तराच्या व्हरांड्यात कढई मांडून बसले असते आणि गावजेवण घातलं असतं. पोटातलं दुखणं मला न सांगता तू एकटा नळावर घासत बसलास, आणि मी मूर्ख बाई तुझं कौतुक करत राहिले. फार वाईट वाटलं. इतकंच लिहिता येतं.

आता ऐक. मी येते. पण या वेळी रिकाम्या हातानं येणार नाही. प्रेमदासकडून मटण आणते, रात्रभर बाभळीच्या आचेवर ठेवते, आणि तुझ्या त्याच तीन पुडांच्या डब्यात भरून आणते, ज्याच्यावर तुझं नाव कोरलेलं आहे. तुझ्या हातात देईन आणि गप्प बसेन. माळ घालायची असली तर तीही घालीन.

डबा उघडून त्या बाईसमोर ठेवायचा की फ्रिजमागे लपवायचा, ते तू ठरव. तोंड नव्हतं म्हणतोस ना? तेव्हा तू लेकरू होतास. आता तुला दाढी आहे.

आत्या

---

पुसेगाव
१९ फेब्रुवारी २०२५

प्रमोद,

घरी पोचले. बसला उशीर झाला, त्यामुळे विचार करायला वेळ मिळाला.

मला दोनच गोष्टी सुचल्या होत्या. एक तर तू डबा उघडशील, नाही तर लपवशील. तिसरी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, कारण माझं डोकं इतकं खाली जात नाही.

तुझं स्वतःचं मटण चिवट झालं होतं. चप्पल बरी. मी वरण-भातापाशी बसले होते तिथून तुझं स्वयंपाकघर दिसत होतं. तू डबा उघडलास, तिन्ही पुडांतलं सगळं त्या निळ्या चिनी मातीच्या बाऊलमध्ये ओतलंस, वर कोथिंबीर पेरलीस, आणि डबा सिंकखाली ढकललास. मग बाहेर येऊन म्हणालास, "कार्नितास!"

अपर्णाताईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. म्हणाल्या, "अगदी तिथली चव आठवली! प्रमोद, काय हात आहे तुझा!" आणि परत वाढून घेतलं. "कुठे शिकलास?" तू म्हणालास, यूट्यूबवर. जान्हवीनं तुझ्याकडे बघितलं. तू लिंबू पिळत होतास, तुला दिसलं नाही. मला दिसलं.

म्हणून मी हात पुढे केला. माझ्या वरण-भातावर चांगलं पळीभर वाढून घेतलं आणि जेवले. बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर शाकाहारी ना?" मी तुझ्याकडे बघत राहिले. तुझी पाळी होती, तोंड तुझं होतं. तू म्हणालास, "आत्याचं वय झालंय, कधी कधी कळत नाही तिला."

मी भांडले नाही. पूर्ण जेवले, बोटं चाटली. मीठ बरोबर पडलं होतं.

जान्हवी उठून माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्याच ताटातलं खाऊ लागली. तेव्हा तरी तुला काही कळायला पाहिजे होतं. आता गुपित ठेवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून सांगते. तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. कळमनुरीला तू नाकाला रुमाल लावून उभा होतास तेव्हाच प्रेमदासनं तिला सांगितलं. दोन महिने ती पोरगी वाट बघून राहिली, तू आपल्या तोंडानं कधी सांगतोस.

माझी वाट बघून झाली आहे.

पद्मा

---

पुणे
२६ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र वाचून जान्हवीकडे गेलो. सगळं सांगितलं, गाडा, पोतं, व्हरांडा, बाऊल, सगळं. ती म्हणाली, "मला नको सांगूस, मला ठाऊक आहे. आईला सांग." मी म्हटलं उद्या सांगतो. ती म्हणाली, "उद्या म्हणजे उद्या, की कधीच नाही?"

तिथेच फोन लावला. स्पीकरवर ठेवला. म्हणालो, "अपर्णाताई, तुम्ही खाल्लंत ते मेक्सिकोचं नव्हतं. कळमनुरीचं होतं. माझ्या आत्यानं केलं होतं. बाजारामागे तिचा डुकराच्या मटणाचा गाडा होता, त्यावर मी शिकलो. ती शाकाहारी नाही, मास्तरीण नाही, आणि तिला सगळं कळतं. कळत नव्हतं ते मला."

 त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे... तुमच्या घरचं होतं ते? पण भांडी तरी वेगळी होती ना?"

 मी परत पाचवीत गेलो, आत्या. जान्हवी रडून राहिली होती, पण तिनं फोन घेतला नाही. म्हणाली, तूच बोल. मी "नंतर करतो" म्हणून ठेवून दिला.

त्यांना परत फोन करायचाय. काय सांगू? तू सांगशील तसं, तुझ्या शब्दात सांगतो.

तुझा
पम्या

---

पुसेगाव
५ मार्च २०२५

पम्या,

"तू" म्हणालास. चला, एवढं तरी जमलं.

दोनदा वाढून घेतलं तेव्हा त्या बाईला भांडी आठवली नाहीत. मेक्सिकोच्या भांड्याला विटाळ नाही, आणि आपल्याला आहे. अशा माणसाचा राग करायचीसुद्धा मला इच्छा होत नाही, इतकी ती छोटी आहे. तू तिला घाबरलास म्हणजे कमाल आहे.

जान्हवीला घेऊन ये. कढई उतरवून ठेवली आहे. येताना दूध आणू नको.

आणि तिच्या आईला सांगायचं ते लिहून देते, पाठ कर. "नाही, भांडी वेगळी नव्हती. तुम्ही दोनदा वाढून घेतलंत ते माझ्या शाळेच्या डब्यातलं होतं." एवढंच बोल आणि फोन ठेव. फोन ठेवायला तर तुला चांगलं येतं.

तुझी आत्या